शेपटीजवळचा ठिपका

शनिवारी सकाळी कपड्यांचा बांबू स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर सरकवताना शुभदाला समोरच्या ब्लॉकचा अकराव्या मजल्यावरचा कठडा मधोमध खचलेला दिसला. फार नाही. दोरीवर ओली चादर टाकली की दोरी जशी जराशी खाली येते, तेवढाच. ती बांबू धरून तशीच उभी राहिली. बांबूवर मुकुलच्या दोन पँटी आणि तिचे तीन कुडते होते. त्यांचं पाणी खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या कुंड्यांत ठिबकत होतं, आणि त्या बाई आता खिडकीत येऊन वर बघतील हे तिला माहीत होतं. सिंगापूरमधल्या हौगांगच्या या घरात त्यांना एकवीस वर्षं झाली होती. एकवीस वर्षं रोज सकाळी तिने हे कठडे पाहिले होते, एकाखाली एक, पट्टीने आखल्यासारखे. तिने नजर बाराव्या मजल्यावर नेली, तर खड्डा नजरेबरोबर वर गेला आणि अकरावा मजला सरळ झाला. दहाव्यावर आणली, तर खड्डा दहाव्यावर आला. तिचा डावा डोळा मिटलेला होता, कारण पँट झटकताना पाण्याचा शिंतोडा त्यात गेला होता. तिने तो पुसून उघडला. सगळे मजले आपापल्या जागी आले. पुन्हा मिटला, खड्डा तिथेच. भीती वाटायला हवी होती, पण तिला आधी कंटाळा आला. आता हेही. वेळ घ्या, ऑफिसात सांगा, रांगेत बसा, मुकुलला समजावा. बांबू खोबणीत बसवून तिने खिडकी लावली आणि गॅसवरच्या दुधाकडे वळली.

चहा घेताना तिने मुकुलला सांगितलं, "उजव्या डोळ्याने वाकडं दिसतंय." तो फोनवर पुण्याच्या बातम्या वाचत होता. "नंबर वाढला असेल," तो म्हणाला. "दाखवून ये." बँकेतून निवृत्त होऊन त्याला दोन वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून कुठलीही गोष्ट आधीच ठरून गेल्यासारखी तो बोलायचा. त्यात रुक्षपणा नव्हता. दिवसभर घरात बसलेल्या माणसाला प्रश्न लवकर मिटवायची सवय लागते, एवढंच.

डोळ्यांच्या दवाखान्यात तिचा नंबर लागायला तीन आठवडे लागले. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी तिच्या हातात एक कार्ड दिलं. पांढऱ्या कार्डावर काळ्या चौकटी आणि बरोबर मधे एक ठिपका. "डावा डोळा झाका. फक्त ठिपक्याकडे बघा आणि आजूबाजूच्या रेषा कशा दिसतात ते सांगा." शुभदाने पाहिलं. वरची रेष खाली उतरली होती आणि खालची वर चढली होती. दोघी कुणीतरी बोलावल्यासारख्या ठिपक्याकडे येत होत्या. डॉक्टरबाईंनी यंत्रातून बराच वेळ पाहिलं. मग पडद्यावर चित्र दाखवून समजावलं. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर एक पातळ पापुद्रा धरला होता. तो आक्रसतो तसा खालचा पडदा ओढला जातो, मुठीत प्लास्टिकची पिशवी चुरगळावी तसा. आंधळेपण येत नाही, घाई नाही, वाढलं तर ऑपरेशन करता येतं. "कधीपासून आहे?" "तीन आठवडे," शुभदा म्हणाली. "दिसायला बराच जुना वाटतो. वर्ष, दीड वर्षही असेल. दोन्ही डोळे उघडे असले की मेंदू सांभाळून घेतो, म्हणून लक्षात येत नाही." त्या टाइप करत होत्या. न बघताच त्यांनी विचारलं, "एका डोळ्याने करायचं काही काम असतं का तुमचं?"

शुभदाने कार्ड पर्समध्ये ठेवलं. डॉक्टरबाईंना वाटलं तिला प्रश्न कळला नाही, आणि त्यांनी तो पुन्हा विचारलाही नाही. सहा महिन्यांनी या, म्हणाल्या. बाहेर बाकावर बसून शुभदाने ते कार्ड पर्समधून काढलं, पुन्हा उजव्या डोळ्यासमोर धरलं. खालची रेष वर येऊन ठिपक्याला चिकटत होती. ठिपका आणि रेष. गेल्या वर्षी तिने केलेलं एकमेव मोठं काम या दोन गोष्टींवर उभं होतं.

आंग मो किओमधल्या एका औद्योगिक इमारतीच्या चौथ्या मजल्यावर तिचं ऑफिस होतं. समुद्रात कुठे काही बांधायचं असलं, जेटी, भिंत, केबल, की बांधणाऱ्यांना आधी तिथल्या पाण्यात काय जगतं हे कळवावं लागतं, आणि ते मोजून देणारी ही लहानशी कंपनी होती. पाणबुडे प्रवाळांवर कॅमेरे लावून यायचे, आणि त्यातलं तासन्‌तासांचं हिरवट, गढूळ चित्रण शुभदा नऊ ते सहा बघत बसायची. मासा दिसला की थांबायचं, ओळखायचा, नाव लिहायचं, पुढे जायचं. नऊ वर्षं. तिला पोहता येत नव्हतं; ती कधी पाण्यात उतरली नव्हती. मासा फारच लहान असला तर ती खणातून पितळी कडेचं भिंग काढायची, डावा डोळा मिटायची आणि भिंग पडद्याला लावून उजव्या डोळ्याने बघायची. तिची साहेब हुई मिन तिच्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान होती. ती हसायची. "झूम आहे ना, शुभदा." पण झूम केलं की चित्राचे चौकोन व्हायचे, आणि भिंगाखाली ते चित्रच राहायचं. शिवाय ही सवय तीस वर्षांपूर्वीची होती, रत्नागिरीची, आणि ती सोडायचं तिला कधी सुचलं नव्हतं.

तो मासा बोटाएवढा. रुपेरी अंगावर तोंडापासून शेपटीपर्यंत पाच काळ्या पट्ट्या, शेपटीच्या मुळाशी पिवळा डाग आणि त्या डागात काळा ठिपका. दिवसा चेंडूसारख्या गोल समुद्री साळूच्या काट्यांत नाहीतर प्रवाळाच्या फांद्यांत घोळक्याने लपून असतो, मोठ्या डोळ्यांनी बाहेर बघत. फार साधा मासा. इथल्या प्रत्येक चित्रणात असतो. शुभदा त्याला मनातल्या मनात पाचपट्टी म्हणायची. पण पाचपट्टीला एक भावंड आहे. तेच अंग, त्याच पट्ट्या, तोच पिवळा डाग. फरक एवढाच की पाचपट्टीचा ठिपका मधल्या पट्टीच्या किंचित वर असतो आणि या दुसऱ्याचा बरोबर पट्टीच्या रेषेत. दातांतही फरक असतो, पण दात बघायला मासा हातात लागतो. गेल्या वर्षी दक्षिणेकडच्या एका लहान बेटाजवळ जेटी बांधायची होती. तिथल्या चित्रणात भिंगाखाली तिला ठिपका रेषेत दिसला. मग दुसऱ्या माशाचा, मग तिसऱ्याचा. सदतीस तुकड्यांत सदतीस. कंपनीने कुठल्याच अहवालात या माशाची नोंद यापूर्वी केली नव्हती. तिने आठवडाभर पुन्हा पुन्हा पाहिलं, प्रत्येक वेळी उजव्या डोळ्याने. दात बघायला मासा पकडायची परवानगी मिळायला महिने लागले असते, आणि बांधणाऱ्यांना महिने नको होते. त्यांनी नकाशा बदलला आणि जेटी चाळीस मीटर पलीकडे सरकवली. ते चाळीस मीटर प्रवाळ शुभदाच्या सहीवर वाचलं.

त्या वर्षी गणपतीत इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात तिला शाल-श्रीफळ मिळालं. ते मुकुलने घडवून आणलं होतं. "आमच्या हिने सिंगापूरचा समुद्र थांबवला," असं तो जेवणाच्या रांगेत सांगत होता, हातात ताट घेऊन, आणि ऐकणाऱ्या बँकवाल्या मंडळींना त्यात गंमत वाटत होती. अहवालाचं ते पान त्याने लॅमिनेट करून हॉलमध्ये टीव्हीच्या वर लावलं. शुभदाला संकोच वाटला होता. पण कधी कधी संध्याकाळी घरी आल्यावर चप्पल काढता काढता तिची नजर तिकडे जायची, आणि दिवसभराचा शीण जरा कुठेतरी टेकल्यासारखा व्हायचा.

दवाखान्यातून ती थेट ऑफिसात गेली. रजेचा दिवस असून आलीस, असं कुणी विचारलं नाही. बाहेर पाऊस होता, आत नेहमीसारखी थंडी होती, तिने खुर्चीच्या पाठीवरचा स्वेटर घातला आणि बेटाचं चित्रण उघडलं. भिंग डाव्या डोळ्याला लावणं जमेना. हात सवयीने उजवीकडे जायचा. चुकीचा डोळा मिटला जायचा. पहिल्या तुकड्यात मासा साळूच्या काट्यांतून बाहेर आला, क्षणभर स्थिर राहिला. ठिपका वर होता. रेष खाली सरळ गेली होती, आणि तिच्या वर, केसभर अंतरावर, ठिपका. दुसऱ्यात वर. तिसऱ्यात वर. तिने डोळा बदलून उजव्याने पाहिलं, तर रेष उठून ठिपक्याच्या पातळीला आली, इतक्या आज्ञाधारकपणे की तिला रेषेची दया आली. सहा वाजेपर्यंत पस्तीस तुकड्यांत ठिपका वर होता. उरलेल्या दोनांत मासा वळला होता, काहीच सांगता येत नव्हतं. गेल्या वर्षीही सांगता येत नसणार. ते दोन तिने तेव्हा कशाच्या आधारावर धरले? बाकीच्या पस्तीसांच्या. आणि पस्तीस कशाच्या? भावंड असेल, असावं, असलं तर किती बरं, याच्या?

रत्नागिरीला सुरेखाबाई होत्या. संशोधन केंद्रात तिच्या मार्गदर्शक, पायात कायम रबरी चपला, हाताला कायम फॉर्मॅलिनचा वास. सांगलीच्या शाकाहारी घरातली, समुद्र वर्षात एकदा सहलीला बघणारी मुलगी मासे शिकायला आली याचं त्यांना कौतुक नव्हतं आणि आश्चर्यही नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांनी तिच्यासमोर मृत माशांची परात ठेवली आणि सुई दिली. पाठीवरचे काटे मोजायचे. तिने मोजले, वहीत लिहिले. बाईंनी वही बघितली. "हे बाराव्या माशाचे अकरा काटे तू मोजलेस?" "हो." "बाराव्याचा एक काटा मी सकाळी मोडून ठेवलाय. दहा आहेत." मग त्या रागावल्या नाहीत, खुर्ची ओढून शेजारी बसल्या. "अकरा मासे बघितल्यावर बारावा आपण बघत नाही, शुभदा. तो आपल्याला पाठ असतो. दिसतं ते लिहायचं. असावं ते लिहायचं नाही." तीन वर्षं ती त्यांच्याकडे होती. प्रबंधाची दोन प्रकरणं राहिली असताना लग्न झालं, मुंबई, मग मुकुलची सिंगापूरची बदली. दोन प्रकरणं पाठवते असं तिने पत्रात लिहिलं होतं. बाईंचं उत्तर आलं होतं, सावकाश पाठव. नंतर कधीतरी बाई गेल्याचं तिला दोन वर्षं उशिरा कळलं, कुणाच्या तरी बोलण्यात, सहज.

रात्रीचं जेवण ते सातलाच घ्यायचे. शुभदाने वरण वाढताना सगळं सांगितलं, न थांबता, कारण थांबली असती तर पुढे बोलवलं नसतं. मुकुलने घास खाली ठेवला. "ऑपरेशन लागेल?" "आत्ता नाही." "मग ठीक आहे." तो जेवायला लागला आणि थोड्या वेळाने म्हणाला, "माशाचं कुणाला सांगायचं काही कारण नाही."

"चुकीचं आहे ते, मुकुल."

"असू दे की. कुणाचं नुकसान झालंय? जेटी सरकली. चाळीस मीटर वाचलं. त्या चाळीस मीटरात मासे आहेत ना?"

"आहेत. साधे."

"साधे तर साधे. त्यांना काय माहीत त्यांना कुठल्या नावाने वाचवलं?" तो ताटाकडे बघत बोलत होता, आणि त्याचा आवाज मऊ होता. "तू सांगशील, मग ते लोक जेटी परत आणतील. मासे मरतील. तुझी नोकरी जाईल. खरं बोलून एवढंच होणार आहे. छप्पन्न वर्षांची आहेस तू. कशाला?"

 ती उठून ताटं विसळायला गेली. नळाखाली हात धरून तिला वाटलं, हा बरोबर आहे. खरंच बरोबर आहे. मग हे बरोबर ऐकून आपण इतके दमलो का?

रविवारी इरा आली. त्यांची मुलगी, सव्वीस वर्षांची, क्लेमेंटीला मैत्रिणींबरोबर भाड्याने राहणारी. ती आली की फ्रिज उघडून उभीच खायची. मुकुलनेच विषय काढला, आपली बाजू पक्की करून घ्यायला. इराने ऐकलं, दह्याचा चमचा तोंडात धरून. "सो जस्ट टेल देम लाह," ती सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. मुकुल म्हणाला, "इतकं सोपं नसतं." "सोपं कोण म्हणालं, बाबा? आय सेड टेल देम." मग तिने आईकडे पाहिलं आणि मराठीत विचारलं, लहानपणी विचारायची तशा आवाजात, "आई, तुला झोप येते का गं नीट?" शुभदा म्हणाली, येते. येत नव्हती. पहाटे जाग यायची आणि डोक्यात मासे सुरू व्हायचे, एकामागून एक, प्रत्येकाचा ठिपका कधी वर, कधी रेषेत, आणि तिला पलंगावर पडल्या पडल्या प्रत्येकाला जागेवर बसवावं लागायचं. दिवसा ऑफिसात हुई मिन शेजारून गेली की शुभदा पडद्यावरची खिडकी बदलायची. सदतीस तुकड्यांचं फोल्डर उघडं ठेवायची भीती, मिटून ठेवायचीही भीती. जेवणाच्या सुट्टीत कुणी जेटीचं नाव काढलं तर हसायचं, पण किती हसायचं? आधी किती हसायची ती? खोटं बोलणं एकवेळ जमलं असतं. ते रोज उचलून नेणं, ठेवणं, पुसणं, हे तिच्या अंगात उरलं नव्हतं.

बुधवारी दुपारी तिने ते तुकडे शेवटचे म्हणून पुन्हा बघायला घेतले, डाव्या डोळ्याने, आता ते जमायला लागलं होतं. शेपटीकडे बघायचं कारण नव्हतं; शेपटीचं काम झालं होतं. म्हणून तिने पहिल्यांदा तोंडाकडे पाहिलं. चौथ्या तुकड्यातल्या माशाचा गळा फुगलेला होता. जबडा पूर्ण मिटलेला नव्हता, आणि त्या फटीतून फिकट नारिंगी दाण्यांचा गोळा दिसत होता. तो नर होता. या माशांत अंडी नर सांभाळतो, तोंडात घेऊन. फुटेपर्यंत काही खात नाही. मधूनमधून जबडा उघडून गोळा जरा फिरवतो, अंड्यांना ताजं पाणी लागावं म्हणून. शुभदा हे तीस वर्षांपासून जाणून होती आणि नऊ वर्षांत एकदाही लिहिलं नव्हतं, कारण तक्त्यात त्याला रकाना नव्हता. तिने वही घेतली. सहापर्यंत सदतीसांतले एकोणीस नर निघाले, एकोणीसांची तोंडं भरलेली. एकाचं तोंड इतकं भरलं होतं की तो ओकारी दाबून धरलेल्या माणसासारखा दिसत होता. हे सगळं तिच्या समोर होतं, गेल्या वर्षीही होतं, आणि तिने केसभर अंतरासाठी ते पाहिलंच नव्हतं. तिला रडू आलं नाही. तिने एकोणीस हा आकडा लिहिला, खाली तारीख घातली, आणि दोन कागद घेऊन, एक चुकलेल्या ठिपक्यांचा, एक या एकोणीस नरांचा, हुई मिनच्या खोलीत गेली.

इंग्रजीत तू आणि तुम्ही नसतं, पण शुभदाच्या मनात हुई मिन तिला नेहमी तू म्हणत आली होती, मैत्रिणीसारखं. पहिला कागद वाचताना हुई मिनने चष्मा काढून पुसला. "पस्तीस?"

"पस्तीस. दोन सांगता येत नाहीत."

"डॉक्टरांची खात्री आहे?"

"डोळ्याची त्यांना आहे. माशाची मला आहे."

हुई मिन खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर दुसऱ्या कारखान्याची भिंत होती, तिच्यात बघण्यासारखं काही नव्हतं. "ते चाळीस मीटर परत घेतील. तुला माहीत आहे."

"हो."

"कुणी तपासणार नव्हतं, शुभदा. कधीच नाही."

"माहीत आहे."

"मग?"

 "मला बसू दे जरा," शुभदा म्हणाली, आणि बसली. हुई मिनने उठून तिला पाणी दिलं.  मग हुई मिनने कामाच्या आवाजात विचारलं, गेल्या दीड वर्षात भिंगाने पाहिलेले आणखी किती अहवाल आहेत? अकरा. सगळे दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्यावे लागतील. यापुढे तिच्या प्रत्येक नावाशेजारी दुसऱ्याची सही लागेल. नोकरीचं आत्ता काही बोलत नाही. शुभदा प्रत्येक गोष्टीला मान हलवत गेली, आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला अपमान वाटत नाहीये. कुणीतरी हातातली पिशवी घेतल्यासारखं वाटतंय. निघताना तिने दुसरा कागद पुढे केला. हुई मिनने वाचला. "याला वजन नाही. हा मासा सगळीकडे आहे."

"तरी जोड."

"जोडते."

नऊ दिवसांत जेटी नकाशावर जुन्या जागी आली. बांधणाऱ्यांच्या माणसाने फोनवर हुई मिनला बरंच ऐकवलं. ते हुई मिनने शुभदाला सांगितलं नाही, शेजारच्या टेबलावरून तिला कळलं. एकोणीस नरांबद्दल कुणी काही विचारलं नाही. मात्र खांब ठोकण्याआधी तिथलं मोठं प्रवाळ उचलून बेटाच्या दुसऱ्या बाजूला लावायचं, एवढं त्यांनी कबूल केलं. घरी मुकुलने टीव्हीच्या वरचं पान काढलं. तिने काढायला सांगितलं नव्हतं. ती आली तेव्हा भिंतीवर फक्त चिकटपट्टीचे चार डाग होते आणि तो स्टुलावर चढून ओल्या फडक्याने ते पुसत होता. "जाईना," तो म्हणाला. तिने स्टूल धरलं. तो पुसत राहिला. खाली उतरल्यावर तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "मंडळात कुणी विचारलं तर मी सांगेन. तू नको बोलूस." आणि स्टूल जागेवर ठेवायला गेला.

प्रवाळ हलवायच्या दिवशी मी येऊ का, असं शुभदाने विचारलं तेव्हा हुई मिनला नवल वाटलं, पण तिने लाइफ जॅकेटचा आकार विचारून घेतला. सकाळी नऊच्या बोटीत शुभदा, हुई मिन, दोन पाणबुडे आणि बोट चालवणारे म्हातारे मलाय गृहस्थ. बोटीवर ताडपत्रीचं छत होतं आणि डिझेलचा वास. शुभदाला मळमळलं, तिने लिंबाची गोळी चोखली. बेटाजवळ पाणी पिवळसर हिरवं होतं, ऑफिसातल्या पडद्यावर दिसायचं तसंच, फक्त ते हलत होतं आणि त्याला शेवट नव्हता. पाणबुडे खाली गेले. तासाभराने एक प्लास्टिकचा टब वर आला, त्यात प्रवाळाचा फांद्याफांद्यांचा गड्डा, बोटीच्या कडेला टेकवताना पाणी हिंदकळलं, आणि फांद्यांतून चार-पाच पाचपट्टी मासे बाहेर आले. घरासकट उचलले गेले होते. एक फिरत नव्हता. तो टबाच्या कोपऱ्यात भिंतीला तोंड लावून उभा होता, गळा फुगलेला.

पाणबुड्याने तोंडावरचा मुखवटा वर केला. "फिश आर नॉट इन स्कोप," तो हुई मिनला म्हणाला. मासे इथेच सोडायचे, प्रवाळ तेवढं न्यायचं. त्याने टब कलता करायला हात घातला.

"थांब," शुभदा म्हणाली. तिचा आवाज तिलाच मोठा वाटला. "घाबरला की तो अंडी टाकून देतो. हलवू नकोस."

"आंटी, इथे टब ठेवायला जागा नाही. वीस मिनिटं लागतील तिकडे जायला."

"मी धरते."

पाणबुड्याने हुई मिनकडे पाहिलं. हुई मिन टबात डोकावली, मग म्हणाली, "तिला दे." त्यांनी प्रवाळ दुसऱ्या टबात उचलून ठेवलं आणि मासे असलेला टब शुभदाच्या मांडीवर दिला. तो तिला वाटलं होतं त्याच्या दुप्पट जड होता. बोट वळली, ऊन छताखालून आत आलं, आणि टबातलं पाणी चमकायला लागलं तशी ती पुढे वाकली आणि पाठीने सावली केली. वीस मिनिटं ती तशी वाकून होती. प्रत्येक लाटेला पाणी तिच्या कुडत्यावर सांडत होतं, सलवार मांड्यांना चिकटली होती, मान अवघडून दुखत होती. बाकीचे मासे गोल गोल फिरत होते. तो एक कोपऱ्यात. त्याचा जबडा मधेच किंचित उघडायचा आणि ती टब घट्ट धरायची. मग तो गोळा जरासा फिरवून पुन्हा मिटायचा. तिने दोन्ही डोळ्यांनी पाहिलं. कुणी नाव विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, पण कुणी विचारलं नाही. हुई मिनने आपली टोपी काढून टबाच्या उन्हाच्या बाजूला धरली.

दुसऱ्या बाजूला पाणबुड्याने टब पाण्याखाली नेऊन हळूच तिरपा केला. कडेवरून ओणवून बघणाऱ्या शुभदाला मासे बाहेर पडताना दिसले, मग हिरव्यात काहीच दिसेना. तो एक अंडी धरून गेला की खाली जाऊन टाकून बसला, पाणबुड्यालाही सांगता आलं नाही. "फास्ट, आंटी. गॉन," तो म्हणाला. अजून अकरा गड्डे हलवायचे होते. पाणबुडे कामाला लागले, हुई मिन आपला तक्ता भरत बसली. शुभदा लाइफ जॅकेटांच्या ढिगाला टेकून बसली, ओल्या मांड्यांवर हात ठेवून. इंजिनाचा आवाज एका लयीत येत होता. जरा डोळे मिटावेत, असं तिला वाटलं.

तिला झोप लागली. ताडपत्रीखाली, भर दुपारी, तोंड उघडं ठेवून ती इतकी गाढ झोपली की मधल्या दोन फेऱ्या तिला कळल्या नाहीत, पाणबुडे वर आले, डबे उघडून जेवले तेही कळलं नाही. बोट धक्क्याला लागली तेव्हा सगळे उतरले. हुई मिनने तिला हाक मारली नाही. सामान घेऊन ती धक्क्यावर थांबली. शेवटी बोटवाले म्हातारे आत आले आणि वाकून म्हणाले, "आंटी, रीच्ड ऑलरेडी."

शुभदाने डोळे न उघडता, कुठल्या घरात आहोत, कोण उठवतंय याचा काही विचार न करता मराठीत म्हटलं, "पाच मिनिटं."

म्हाताऱ्यांना शब्द कळले नाहीत. ते क्षणभर तिच्याकडे बघत उभे राहिले, मग मागे गेले आणि त्यांनी इंजिन बंद केलं.